जखमी कामगाराची रजा : हक्क, हिशेब आणि कागद

मोठ्या कारखान्याच्या प्रवेशद्वाराशी बहुधा एक फलक लावलेला असतो. आज अपघाताविना कितवा दिवस, हा आकडा त्यावर रोज सकाळी बदलला जातो. आकडा जितका मोठा तितकी व्यवस्थापनाची प्रतिष्ठा मोठी. अपघात होऊ नयेत ही आकांक्षा स्तुत्यच आहे. परंतु अपघात टाळून वाढलेला आकडा आणि अपघात लपवून वाढलेला आकडा हे दोन्ही फलकावर सारखेच दिसतात. या दोहोंतील भेद कळण्याची एकच जागा आहे, ती म्हणजे जखमी कामगाराच्या रजेचा कागद. आपल्या खेड्यापाड्यांतून औद्योगिक वसाहतींत कामाला जाणाऱ्यांची संख्या लक्षात घेता, या कागदाचा अभ्यास कामगारांनी तर करावाच, पण त्यांच्या कुटुंबीयांनी, गावच्या शिक्षकांनी आणि पंचायतीच्या कर्मचाऱ्यांनीही करावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

एका बोटाची गोष्ट

काही वर्षांपूर्वी फोंडा तालुक्यात भरलेल्या एका मार्गदर्शन मेळाव्यास प्रस्तुत लेखक प्रसिद्धीच्या कामानिमित्त उपस्थित होता. भाषणे संपल्यावर एक दांपत्य पुढे आले. गृहस्थ सुमारे पस्तीस वर्षांचे, एका मोठ्या कंपनीत यंत्रचालक. पगार दरमहा २३,००० रुपये. २०२२ साली प्रेसमध्ये सापडून त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली. कंपनीनेच गाडीने खासगी रुग्णालयात नेले, बिलही भरले. येथवर तक्रारीला जागा नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र तीच गाडी त्यांच्या दारात उभी राहिली. “घरी बसून काय करणार? स्टोअरमध्ये खुर्चीवर बसून राहा, हजेरी लागेल,” असे त्यांना सांगण्यात आले. हाताला पट्टी बांधलेला तो माणूस तीन आठवडे खुर्चीवर बसून राहिला. फलकावरचा आकडा रोज वाढत होता.

पुढे जखम चिघळली, शेजारची दोन बोटे आखडली. दुसरी शस्त्रक्रिया करून सहा आठवडे विश्रांती घ्यावी, असे डॉक्टरांनी लिहून दिले. तो कागद घेऊन ते कार्यालयात गेले तेव्हा उत्तर मिळाले : “अपघाताची नोंदच नाही, मग अपघाताची रजा कसली? तुमच्या खात्यावरची रजा घ्या.” खात्यावरची रजा अकरा दिवसांत संपली. उरलेले दिवस बिनपगारी गेले, आणि विश्रांती संपण्याआधीच विनापरवाना गैरहजर राहिल्याबद्दल खुलासा मागणारे पत्र घरी आले.

गृहस्थ फारसे बोलले नाहीत. त्यांची पत्नी म्हणाली, “साहेब, ह्यांचं बोट गेलं ते सगळ्या गावानं बघितलं. फक्त कंपनीच्या कागदावर ते अजून शाबूत आहे.”

या एका वाक्यात विषयाचे सारे मर्म आहे. म्हणून या गोष्टीचा धागा हाती ठेवूनच आपण कायद्याकडे वळू.

आजाराची रजा आणि अपघाताची गैरहजेरी

पहिला भेद असा की, कामगाराने वर्षभर काम करून मिळवलेली रजा ही त्याची शिल्लक आहे. ती त्याने विश्रांतीसाठी, लग्नकार्यासाठी किंवा सण-जत्रेसाठी वापरावयाची असते. कामावर, कामामुळे झालेल्या दुखापतीने जी गैरहजेरी घडते ती या शिलकीतून वळती करण्याची गोष्ट नव्हे. त्या काळात कामगाराच्या उदरनिर्वाहाची जबाबदारी कायद्याने दुसऱ्यावर टाकली आहे. कोठे ती विमा महामंडळावर आहे, कोठे मालकावर. “तुमची रजा लावा” असे सांगणे म्हणजे दुसऱ्याचे देणे कामगाराच्याच खिशातून फेडणे होय.

ही जबाबदारी एका दिवसात ठरली नाही. १९२३ साली कामगार भरपाई कायदा संमत झाला व १ जुलै १९२४ पासून अमलात आला. मालकाची चूक सिद्ध न करताही कामगाराला भरपाई मिळावी, हे तत्त्व त्याने रुजवले. अपघात कामाच्या ओघात आणि कामामुळे झाला, एवढे दाखवले की पुरे. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला व २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजनेचा प्रारंभ झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली आणि हे दोन्ही जुने कायदे तिच्यात सामावले गेले. भरपाईची मूळ तत्त्वे मात्र संहितेने कायम ठेवली आहेत.

दोन दारे

जखमी कामगाराने प्रथम स्वतःला विचारावयाचा प्रश्न असा : मी विमाधारक आहे की नाही? कारण पुढची वाट दोन निरनिराळ्या दारांतून जाते, आणि एकाच अपघातासाठी दोन्ही दारांतून भरपाई घेता येत नाही.

पहिले दार कर्मचारी राज्य विमा योजनेचे. १ जानेवारी २०१७ रोजी या योजनेची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये करण्यात आली. १ जुलै २०१९ पासून वर्गणीचे दर मालकासाठी वेतनाच्या ३.२५ टक्के व कामगारासाठी ०.७५ टक्के असे ठरले. साध्या आजारपणात विमाधारकाला सरासरी वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षातून जास्तीत जास्त ९१ दिवस लाभ मिळतो, व त्यासाठी ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कामावरील दुखापतीची गोष्ट वेगळी आहे. तेथे दर ९० टक्क्यांचा आहे, ९१ दिवसांची मर्यादा नाही आणि वर्गणीच्या दिवसांची अटही नाही. कामाला लागल्याच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हक्क उत्पन्न होतो. कायमचे अपंगत्व आले तर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के घटली ते ठरवते आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम मिळते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. अपघाताची नोंद ‘ताप’ किंवा ‘आजारपण’ अशी झाली तर कामगाराचे दुहेरी नुकसान होते. नव्वदचे सत्तर टक्के होतात आणि अमर्याद दिवसांचे ९१ दिवस होतात. एका शब्दाच्या फेरफाराची ही किंमत आहे.

दुसरे दार मालकाने द्यावयाच्या भरपाईचे. जे विमा योजनेच्या बाहेर आहेत त्यांच्यासाठी ते आहे. तीन दिवसांहून अधिक काळ काम करता येऊ नये अशी दुखापत झाली की हा हक्क सुरू होतो. तात्पुरत्या अपंगत्वात मासिक वेतनाच्या २५ टक्के इतकी रक्कम दर पंधरवड्यास, जास्तीत जास्त पाच वर्षेपर्यंत द्यावी लागते. कायमच्या पूर्ण अपंगत्वात वेतनाच्या ६० टक्के आणि मृत्यू झाल्यास ५० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून एकरकमी भरपाई काढतात. अंशतः अपंगत्व असेल तर अनुसूचीत दिलेल्या टक्केवारीइतका भाग मिळतो. अनुसूची स्पष्ट आहे : संपूर्ण अंगठा गेल्यास ३० टक्के, संपूर्ण तर्जनी १४ टक्के, मधले बोट १२ टक्के, करंगळी किंवा अनामिका ७ टक्के, एका हाताची चारही बोटे ५० टक्के.

हिशेब मांडून पाहू

आपल्या गोष्टीतील यंत्रचालकाचा पगार २१,००० रुपयांच्या वर होता. म्हणून विम्याचे दार त्यांना बंद होते व भरपाई मालकाकडून यावयाची होती. हिशेबासाठी धरावयाच्या वेतनाची कमाल मर्यादा ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने १५,००० रुपये ठरली होती. त्यामुळे पगार २३,००० असला तरी हिशेब १५,००० वरच होणार.

१५,००० चे ६० टक्के म्हणजे ९,०००. पस्तीस वर्षे वयाचा गुणक १९७.०६. गुणाकार १७,७३,५४०. तर्जनीचे १४ टक्के म्हणजे २,४८,२९५ रुपये ६० पैसे.

आता विश्रांतीच्या काळाचा हिशेब. १५,००० चे २५ टक्के म्हणजे ३,७५० रुपये दर पंधरवड्यास, अर्थात महिन्याला ७,५०० रुपये. येथे कायद्याची उणीवही मोकळेपणाने सांगितली पाहिजे. २०,००० रुपये मिळवणारा विमाधारक कामगार जखमी होऊन घरी बसला तर त्याला महिन्याला सुमारे १८,००० रुपये मिळतात. २३,००० रुपये मिळवणाऱ्याच्या घरी मात्र ७,५०० रुपये येतात. पगारवाढीने मर्यादा ओलांडणाऱ्या कामगाराने हे आधीच जाणून घ्यावे आणि वरच्या पगारगटातील कामगारांसाठी पूरक अपघात विमा किंवा भरपगारी अपघात-रजा मिळावी, असा आग्रह कामगार संघटनांनी करारात धरावा.

आणखी एक मुद्दा. औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने भरून द्यावा, अशी तरतूद २००९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली. हा खर्च म्हणजे भरपाई नव्हे, आणि भरपाईतून तो कापूनही घेता येत नाही. “रुग्णालयाचे बिल आम्ही भरले, आता हिशेब मिटला,” या बोलण्याला कायद्यात आधार नाही.

कामाचा ओघ कोठे सुरू होतो?

अपघात कामाच्या ओघात झाला की नाही, यावर न्यायालयांत पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले आहेत. मुंबईत बेस्टचा एक चालक जोगेश्वरी आगारात काम संपवून दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी जात असता अपघातात मृत्यू पावला. बसने प्रवास करणे हा त्याच्या नोकरीचाच भाग मानून सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली त्याच्या कुटुंबाच्या बाजूने निर्णय दिला. उलट, केरळातील एक कामगार २६ जून १९७१ रोजी दुपारी सव्वाचार वाजता सायकलने पाळीवर निघाला होता. पाळी साडेचारची, कारखाना जेमतेम एक किलोमीटरवर. त्याच्याच कारखान्याच्या ट्रकने त्याला धडक दिली. पंचवीस वर्षे चाललेल्या त्या दाव्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा अपघात कामाच्या ओघातील नव्हे, असे म्हटले.

कायदा बदलला तो नंतर. २०१० च्या दुरुस्तीने विमाधारकाचा घर ते कामाची जागा हा प्रवास संरक्षणात आणला, आणि २०२० च्या संहितेने भरपाईच्या प्रकरणांतही तीच तरतूद केली. अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसला पाहिजे, एवढी अट आहे. पहाटेच्या पाळीसाठी डिचोली-सत्तरीच्या गावांतून दुचाकीने निघणाऱ्या आपल्या तरुणांनी ही गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी.

दुखापतीची टक्केवारी म्हणजे अखेरचा शब्द, असेही नाही. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. अनुसूचीप्रमाणे हे अंशतः अपंगत्व ठरले असते. परंतु सुतारकाम एका हाताने होत नाही, हे ध्यानात घेऊन ते पूर्ण अपंगत्व मानण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली उचलून धरला. भरपाईचे देणे अपघाताच्या दिवसापासूनच लागू होते, अधिकाऱ्याने निकाल दिल्यावर नव्हे, हेही त्याच निकालाने स्पष्ट केले. कोणते बोट गेले याइतकेच ते बोट कोणत्या कामाचे होते, हेही पाहावे लागते.

नोंद का टाळली जाते?

दुखापतीमुळे कामगार ४८ तास किंवा अधिक काळ काम करू शकला नाही तर त्या अपघाताची सूचना शासनाच्या संबंधित यंत्रणेला देणे व्यवस्थापनास बंधनकारक असते. आता तिसऱ्या दिवशी दारात आलेल्या गाडीचा अर्थ वाचकांना उलगडेल. हजेरीपटावर कामगार उपस्थित दिसला की ४८ तास भरत नाहीत. ते भरले नाहीत की सूचना नाही, सूचना नाही की तपासणी नाही, आणि फलकावरचा आकडा पुन्हा एकपासून सुरू करावा लागत नाही.

मोठ्या कंपन्यांत हे बहुधा मालकाच्या हुकुमाने होत नाही. अपघाताच्या आकड्यावर विभागप्रमुखाची बढती, पाळीचे बक्षीस आणि परदेशी ग्राहकाचा विश्वास अवलंबून असतो. त्यामुळे खालपासून वरपर्यंत प्रत्येकालाच नोंद नको असते. कधी कधी सहकारीही बक्षीस जाऊ नये म्हणून जखमी माणसाला गप्प राहण्याचा आग्रह करतात. जखमीला हलके काम देणे मुळात वाईट नाही. डॉक्टरांनी तसे लिहून दिले असेल, अपघात रीतसर नोंदलेला असेल आणि काम खरोखर झेपणारे असेल, तर कामगाराचे मनही त्याने रमते. अशी काळजी घेणारे कारखाने आहेत आणि त्यांचे कौतुकच केले पाहिजे. दोष आहे तो नोंद टाळण्यासाठी मांडलेल्या खुर्चीत.

दुसरी वाट कंत्राटाची. जखमी माणूस कंत्राटदाराचा, कंपनीचा नव्हे, असे सांगितले जाते. परंतु कंपनीच्या नेहमीच्या कामासाठी कंत्राटदारामार्फत लावलेल्या कामगाराच्या भरपाईची जबाबदारी मूळ मालकावरही येते. तो ती देऊन नंतर कंत्राटदाराकडून वसूल करू शकतो. कामगाराला मात्र दोघांच्या मध्ये ताटकळत ठेवता येत नाही.

तिसरी वाट राजीनाम्याची किंवा ‘काही तक्रार नाही’ अशा लेखाची. थोडी रोख रक्कम हाती ठेवून सही घेतली जाते. भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो. तरीही सही केलेला राजीनामा पुढे नोकरीच्या वादात आडवा येतो. म्हणून न वाचता, न समजता, दुखण्याच्या भरात कशावरही सही करू नये.

कामगाराने काय करावे?

१. अपघात होताच, त्याच पाळीत, अपघात नोंदवहीत नोंद करण्यास सांगावे. लिहिता येत नसेल तर सहकाऱ्याकरवी लिहवून घ्यावे. दोन साक्षीदारांची नावे लक्षात ठेवावीत.

२. रुग्णालयात दाखल होताना दुखापत कशी झाली ते स्पष्ट सांगावे. ‘पडून लागले’ असे मोघम न सांगता ‘कारखान्यात प्रेसमध्ये बोट सापडले’ असे केसपेपरवर लिहवून घ्यावे. पुढे हाच कागद सर्वांत मोलाचा ठरतो.

३. विमाधारकाने खासगी रुग्णालयात नेले गेले तरी विमा दवाखान्यास त्वरित कळवावे आणि तेथून अपघाताचेच प्रमाणपत्र घ्यावे.

४. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर त्या प्रमाणपत्राची प्रत व्यवस्थापनास द्यावी व पोच घ्यावी. पोच देत नसतील तर पोचपावतीसह टपालाने पाठवावी.

५. पगाराच्या पावत्या, नेमणुकीचे पत्र, हजेरी कार्ड, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले एकत्र ठेवावीत. गैरहजेरीबद्दल पत्र आल्यास गप्प बसू नये, मुदतीत लेखी उत्तर द्यावे.

६. भरपाईचा दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो. देय झाल्यापासून महिन्याच्या आत मालकाने रक्कम दिली नाही तर व्याज आणि समर्थनीय कारण नसल्यास भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत अधिक रक्कम भरण्याचा आदेश होऊ शकतो. गोव्यातील कामगारांनी पणजीत पाटो येथील श्रमशक्ती भवनातील कामगार आयुक्तालयाशी संपर्क साधावा.

शिक्षकांना व कर्मचाऱ्यांना विनंती

गावात अर्ज लिहून देणारा माणूस आजही बहुधा शाळेचा शिक्षक असतो. पंचायतीच्या कार्यालयात मदत मागणाऱ्यांत जखमी कामगाराची पत्नी किंवा आई असते. त्यांना पाच मिनिटे देऊन दिनांक, वेळ, जागा, यंत्र, साक्षीदार आणि डॉक्टरांचे म्हणणे एवढ्या सहा गोष्टी कागदावर उतरवून दिल्या तरी मोठे काम होते. आठवी-नववीच्या वर्गात व्यवहारी गणित शिकवताना वरील तर्जनीचा हिशेब एकदा फळ्यावर मांडला तर टक्केवारीही शिकवली जाईल आणि हक्कही. वर्गातील किती मुलांचे वडील पाळीवर जातात, हे शिक्षकांना सांगावयास नको.

त्या यंत्रचालकाचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतीलच. कंपनीच्या वहीत अपघात नव्हता, पण रुग्णालयाच्या दाखल-नोंदीत एका परिचारिकेने तारीख, वेळ आणि ‘प्रेसमध्ये उजवी तर्जनी’ हे शब्द नियमाप्रमाणे लिहून ठेवले होते. भरपाई आयुक्तांपुढे तेवढी एक ओळ टिकली. एकोणीस महिन्यांनी भरपाईची रक्कम हाती आली आणि गैरहजेरीचे पत्र मागे घेतले गेले. पण आखडलेली दोन बोटे सरळ झाली नाहीत. त्या तीन आठवड्यांत खुर्चीवर बसविण्याऐवजी त्यांना घरी विश्रांती मिळाली असती तर ती वाचली असती, असे डॉक्टरांचे मत पडले. ते आता त्याच स्टोअरमध्ये काम करतात.

अपघाताची वेळीच झालेली नोंद ही कारखान्याची बदनामी नव्हे. ज्या यंत्राने एकाचे बोट घेतले त्या यंत्राला जाळी बसावी, म्हणजे दुसऱ्याचे बोट वाचेल, यासाठी ती नोंद असते. फलकावरचा आकडा उद्या पुन्हा एकपासून सुरू झाला तरी चालेल, पण तो खरा असावा. आणि तो खरा ठेवण्याचे काम व्यवस्थापनाचे आहे तितकेच अपघात होताच नोंदवही मागून घेणाऱ्या कामगाराचेही आहे.